सुट्टी दोन दिवसांची, हवामान दोन तासांचं

एप्रिल आला की ऑफिसात दोनच विषय असतात. पहिला अप्रेजल आणि दुसरा, ‘या वेळी कुठे?’ बाहेर घामाच्या धारा, आत एसीचा गारठा आणि मॉनिटरवर बर्फाच्या डोंगराचा वॉलपेपर. मग लंच टेबलवर कुणीतरी पिल्लू सोडून देतं, ‘‘चोपता करूया का? बुरांश फुललाय म्हणे!’’ आणि डबा संपायच्या आत व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो.

आमचाही झाला. एप्रिल २०२३. आम्ही चौघं. एक बँकवाली, एक आयटीवाला, एक आर्किटेक्ट आणि फ्रीलान्स असल्यामुळे ‘तुला काय, सुट्टीच सुट्टी’ असे टोमणे ऐकणारी मी. प्लॅन एकदम टाइट होता. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की दिल्लीची फ्लाइट, रात्रीची बस पकडून ऋषिकेश, शनिवारी गाडीनं सारी गाव, रविवारी देवरिया ताल, सोमवारी तुंगनाथ-चंद्रशिला, मंगळवारी परत आणि बुधवारी सकाळी लॅपटॉपसमोर हजर. रजा फक्त दोन दिवसांची! आयटीवाल्यानं तर या प्लॅनचं एक्सेल शीट केलं होतं. त्यात सगळ्याला रकाना होता. फक्त हवामानाला नव्हता.

कळसूबाईच्या वर हजार मीटर

आधी जागेबद्दल. उत्तराखंडच्या रुद्रप्रयाग जिल्ह्यात, ऊखीमठच्या पुढे जंगलातून वळणं घेत रस्ता चोपत्याला पोचतो. तिथून दगडी फरसबंदीची वाट साडेतीन-चार किलोमीटर चढून तुंगनाथच्या देवळापाशी जाते. पंचकेदारांपैकी हे सगळ्यात उंचावरचं देऊळ, सुमारे ३,६८० मीटरवर. त्याच्या डोक्यावर चंद्रशिलाचा माथा, साधारण ४,००० मीटरचा. हवा स्वच्छ असली तर तिथून चौखंबा, त्रिशूळ, नंदादेवी अशी बडी मंडळी ओळीनं उभी दिसतात.

मार्च-एप्रिलमध्ये खालच्या जंगलात बुरांश फुलतो. लालभडक फुलांचे झुबके, आपल्या पळसासारखे झाड पेटवून टाकणारे. हाच उत्तराखंडचा राज्यवृक्ष. गावोगावी त्याच्या फुलांचं सरबत मिळतं. खाली फुलं, वर बर्फ आणि मध्ये तुम्ही. फोटो काढायला यापेक्षा काय पाहिजे?

पण इथेच गंमत आहे. आपण सह्याद्रीत वाढलेली माणसं. आपल्या हवामानाचं टाइमटेबल असतं. जूनमध्ये पाऊस, डिसेंबरात थंडी, एप्रिलमध्ये ऊन. मे महिन्यात एखादा वळीव आला तरी भिजून गार व्हायला आपण उलट अंगणात जातो. कळसूबाई हे महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. चोपत्यात तुम्ही गाडीतून पाय खाली टाकता तेव्हाच त्याच्या हजार मीटर वर उभे असता. ट्रेक तर अजून सुरूही झालेला नसतो.

उंचीचा हिशेब साधा आहे. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. चोपत्यात टपरीवर चहा पिताना १५ अंश असतील तर चंद्रशिलाच्या माथ्यावर सहा-सात. त्यात वारा धरा. मग त्यात अंग ओलं असलं तर काय होतं ते धरा. आम्ही नेमका हा शेवटचा हिशेब विसरलो.

भूमध्य समुद्राकडून आलेला पाहुणा

हिमालयातल्या वसंताला लहरी म्हणण्यामागे कारण आहे. हिवाळ्यात आणि वसंतात भूमध्य समुद्राच्या बाजूनं हवेच्या कमी दाबाच्या लाटा पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान पार करत उत्तर भारतात येतात. हवामान खातं त्यांना वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतं. जानेवारीत त्यांच्यामुळे बर्फ पडतो. एप्रिलमध्ये त्यांना जोडीदार मिळतो तो म्हणजे ऊन. सकाळपासून दऱ्या तापतात, गरम दमट हवा उतारावरून वर चढते, आणि वर आधीच थंड हवा येऊन बसलेली असली की दुपारपर्यंत ढगांचे मनोरे उभे राहतात. मग वीज, गारा, बर्फ, सगळं एकाच पॅकेजमध्ये. तासाभरात खेळ संपतो आणि संध्याकाळी पुन्हा असं लख्ख आकाश की दुपारी काही घडलंच नाही.

म्हणून पहाडातला नियम अगदी सोपा आहे. वर जायचं ते सकाळी आणि दुपारच्या आत खाली. आमच्या गाईडनं रविवारी रात्री हेच सांगितलं होतं. ‘‘पाँच बजे निकलेंगे.’’ आम्ही चौघांनी एकसुरात ‘हो’ म्हटलं आणि मग रात्री साडेबारापर्यंत पत्ते खेळलो.

पाचचे नऊ

सोमवारी आम्ही निघालो तेव्हा नऊ वाजून गेले होते. आकाश निळंशार. इतकं की मी रेन जॅकेट खोलीवरच ठेवलं. सॅक हलकी पाहिजे, कॅमेऱ्याची लेन्स न्यायची होती! आयटीवाला जीन्समध्ये होता. ‘फोटोत ट्रॅक पँट बरी दिसत नाही’ हे त्याचं तत्त्वज्ञान. आर्किटेक्टनं लेह ट्रिपचा पातळ विंडचीटर घातला होता. आणि बँकवाली सॅकमध्ये चक्क एक मोठी काळी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन निघाली होती. आत थर्मलचा जादा जोड, लोकरी मोजे आणि कानटोपी. तिच्या आईनं ‘असू दे गं बरोबर’ म्हणून कोंबलेली. सगळ्या वाटेत आम्ही त्या पिशवीवरून तिला पिडत होतो.

पहिले दोन तास निव्वळ स्वर्ग. बुग्याल, म्हणजे तिथली गवताची कुरणं, नुकती बर्फातून मोकळी होत होती. एक मोनाल पक्षी असा काही रंग उधळत उडाला की कॅमेरा काढायचंही सुचलं नाही. सावलीत अजून बर्फ होता. पहाटे कडक असलेला तो बर्फ आता उन्हानं भुसभुशीत झाला होता आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जात होता. प्रत्येक पावलाला बूट ओले. देवळाचं दार बंद. थंडीत देव खाली मक्कूमठला मुक्कामाला असतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पुन्हा वर येतात. बंद देवळासमोर बसून आम्ही चिक्की खाल्ली. साडेबारा वाजले होते.

चौखंब्याच्या बाजूला एक फुलकोबीसारखा पांढरा ढग उभा होता. मी त्याचा फोटो काढला. गाईड त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघत होता.

देवळाच्या वर चढायला लागल्यावर अर्ध्या तासात ऊन गेलं. म्हणजे कुणीतरी बटण बंद केल्यासारखं गेलं. वारा फिरला. मग टप्, टप्, टप्. आधी वाटलं पाऊस. नंतर हातावर पडलेलं बघितलं तर साबुदाण्याएवढी गार. दोन मिनिटांत त्या हरभऱ्याएवढ्या झाल्या. वर माथा दिसत होता. फार तर अर्धा तास. मी गाईडला म्हटलं, ‘‘भैया, पटकन जाऊन येऊ ना? पुन्हा सुट्टी कधी मिळणार?’’

तेवढ्यात वीज चमकली. मी मनात आकडे मोजले. शाळेत शिकलेलं असतं ना, आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. आठ म्हणायच्या आत गडगडलं. म्हणजे तीन किलोमीटरच्याही आत. आणि आम्ही कुठे? उघड्या धारेवर, आसपासच्या सगळ्यात उंच वस्तू बनून.

गाईडनं माझ्याशी वाद घातला नाही. त्यानं काठी फिरवली आणि खाली चालू लागला.

थंडी बोलायला लागते तेव्हा

उतरताना गारांचा पाऊस झाला, पावसाचा बर्फ झाला. माझा फ्लीस स्पंजासारखा पाणी पीत होता. पण खरी वाट लागली ती आयटीवाल्याची. जीन्स म्हणजे सुती कापड. एकदा भिजलं की ऊब धरायचं सोडतं आणि ते लवकर वाळतही नाही. पायांना ओल्या फडक्यानं गुंडाळून पंख्याखाली उभं केल्यासारखी त्याची अवस्था. आधी तो कुडकुडत होता. मग त्याला जॅकेटची चेन लावता येईना. बोटं ऐकत नव्हती. मग तो सपाट फरसबंदीवरही अडखळायला लागला. आणि मग त्यानं मला अगदी शांतपणे विचारलं, ‘‘कॅब बुक केलीस का?’’

आम्ही हसलो. गाईड हसला नाही.

हायपोथर्मिया हा शब्द मी तोवर सिनेमात ऐकला होता. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की तो सुरू होतो. त्याला उणे वीस अंशांची थंडी लागत नाही. ओले कपडे, वारा आणि रिकामं पोट एवढं पुरतं. आधी थरथर, मग हात निकामी, मग तोल जाणं, मग असंबद्ध बोलणं. थरथर थांबली म्हणजे बरं वाटायला लागलं असं नाही, ती उलट धोक्याची पुढची पायरी असते.

वाटेवर एक टपरी उघडी होती. आत चूल पेटलेली. गाईडनं पहिल्यांदा त्याचे सगळे ओले कपडे उतरवले. लाजायला वेळ नव्हता. आणि मग ती काळी पिशवी उघडली. आख्ख्या ग्रुपमध्ये कोरडी वस्तू फक्त त्या पिशवीत होती! बँकवालीचं थर्मल त्याच्या पोटऱ्यांवरच अडकलं, पण अडकलं. कानटोपी, मोजे, टपरीवाल्याच्या दोन रजया आणि दोन्ही बाजूंना आम्ही दोघं. तो नीट गिळू शकतोय हे बघून मग साखर ओतलेला गरम चहा, घोटघोट. आर्किटेक्टनं सॅकमधून रमची बाटली काढली, तर टपरीवाला त्याच्यावर खेकसलाच. त्याचं बरोबर होतं. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वरून गरम वाटतं, पण आतली ऊब बाहेर जाते.

पाऊण तासानं आयटीवाला म्हणाला, ‘‘हे लेडीज थर्मल आहे का?’’ तेव्हा कळलं, माणूस परत आला. बँकवाली मात्र तेव्हा रडायला लागली.

त्या दिवशी खाली गाडीनं निघणं शक्यच नव्हतं. रात्र चोपत्यातच काढली. मंगळवारची फ्लाइट गेली, बुधवारचं प्रेझेंटेशन गेलं, नवीन तिकिटांना जुन्यांच्या दुपटीहून जास्त पैसे गेले. एक्सेल शीटचा पार बोऱ्या वाजला. पण चौघंही घरी आलो. हे वाक्य मी तेव्हा सहज म्हणत होते.

पुढच्याच वर्षी, जून २०२४ मध्ये, उत्तरकाशीच्या सहस्रताल ट्रेकवर ४,००० मीटरच्या वर २२ जणांचा चमू खराब हवामानात अडकला आणि त्यातल्या कर्नाटकच्या नऊ ट्रेकर्सचा मृत्यू झाला. बाकीच्यांना वाचवायला हेलिकॉप्टर पाठवावी लागली. ती बातमी आमच्या ग्रुपवर कुणीतरी टाकली. दिवसभर त्यावर कुणी काही लिहिलं नाही. रात्री आयटीवाल्यानं फक्त एवढंच लिहिलं, ‘जून होता.’

मग करायचं काय?

घरी बसायचं? मुळीच नाही. वसंतातला हिमालय चुकवू नये असाच आहे. फक्त तयारी करताना ‘तिथे ऊन असेल की पाऊस?’ हा प्रश्न सोडून द्यायचा. उत्तर आहे, दोन्ही आणि बर्फसुद्धा. एकाच दिवशी.

कपड्यांचं सूत्र तीन थरांचं. अंगाला घाम सोडणारा सिंथेटिक किंवा लोकरीचा थर, त्यावर ऊब देणारा फ्लीस आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. चढताना गरम होतं तेव्हा एक थर काढायचा, थांबलं की लगेच घालायचा. घामानं भिजणं हेही भिजणंच. सुती टी-शर्ट आणि जीन्स ऋषिकेशच्या कॅफेसाठी ठेवा. पॉन्चो आपल्याकडच्या पावसात चालतो, पण उघड्या धारेवर वारा सुटला की त्याचा पतंग होतो. त्यापेक्षा रेन जॅकेट आणि रेन पँट बरी. सगळं विकत घ्यायलाच पाहिजे असंही नाही, ऋषिकेशला ट्रेकिंगचं सामान भाड्यानं मिळतं.

अंदाज बघायची सवय लावा. हवामान खात्याचं ‘मौसम’ ॲप आहे. विजेसाठी आपल्या पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं बनवलेलं ‘दामिनी’ आहे, ते तुमच्या आसपास वीज पडत असेल तर सावध करतं. जिल्ह्याच्या इशाऱ्याचे रंग ओळखा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. माझ्या मते नारिंगी दिसला की वरचा बेत रद्द आणि पत्ते बाहेर! पण डोंगरात नेटवर्क भरवशाचं नसतं. म्हणून गाडी मोठ्या गावातून सुटायच्या आतच पुढच्या तीन दिवसांचा अंदाज बघून ठेवा. आणि ॲप एक बोलत असेल आणि गाईड दुसरं, तर गाईडचं ऐका. तो त्या ढगाला लहानपणापासून ओळखतो.

विजेचा नियम तीस-तीसचा. चमकणं आणि गडगडणं यात तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर धार, माथा, एकटं झाड सोडून लगेच खाली उतरा आणि पक्क्या इमारतीत किंवा गाडीत शिरा. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडू नका. केस उभे राहिले किंवा ट्रेकिंग पोल गुणगुणायला लागला तर मोजत बसूच नका.

आणि परतायची वेळ घरूनच ठरवून जा. ‘बारा वाजता जिथे असू तिथून मागे.’ माथा पाच मिनिटांवर असला तरी. हे वर गेल्यावर ठरवता येत नाही, कारण वर गेल्यावर आपलं डोकं आपलं नसतं, ते फोटोचं असतं.

सॅकमध्ये हे हवंच

- सॅकच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी. रेन कव्हर बाहेरून, ही आतून. तिच्यात थर्मलचा एक कोरडा जोड, जो काहीही झालं तरी चालताना घालायचा नाही.
- लोकरी मोज्यांचे दोन जादा जोड, कानटोपी, वॉटरप्रूफ हातमोजे.
- गॉगल आणि सनस्क्रीन. बर्फावरून परतणारं ऊन डोळे आणि नाक दोन्ही भाजतं.
- थर्मासमध्ये गरम साखरपाणी किंवा चहा. चिक्की, खजूर, गुळाच्या वड्या. पोट रिकामं ठेवायचं नाही.
- हेडटॉर्च. दुपारी परतणार असलात तरीही.
- फोन आणि पॉवर बँक अंगाजवळच्या खिशात. थंडीत बॅटरी भराभर उतरते.
- सकाळच्या कडक बर्फासाठी बुटांना लावायचे स्पाइक्स. हवेत की नकोत हे गाईडला आदल्या दिवशी विचारा.

सगळ्यात हलकी वस्तू

या यादीत एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली नाही, कारण ती सॅकमध्ये मावत नाही. एक मोकळा दिवस.

आमचं चुकलं ते जॅकेटमुळे नाही. जॅकेट विसरणं हा गाढवपणा होता, पण आम्ही त्या ढगाखाली चढत राहिलो ते वेगळ्याच कारणानं. मंगळवारची फ्लाइट आणि बुधवारचं प्रेझेंटेशन आमच्या मानगुटीवर बसलं होतं. ज्याच्याकडे उद्याचा दिवस असतो तो आज सहज मागे फिरतो. आमच्याकडे उद्या नव्हता. शिवाय या मोसमात पावसानं दरड कोसळून रस्ता अडला की ‘उद्या सकाळी ऑफिस’ हा विषयच संपतो.

एप्रिल २०२४ मध्ये आम्ही तेच चौघं पुन्हा गेलो. रजा तीन दिवसांची. या वेळी पहाटे पाचला निघालो, बर्फ कडक होता, बूट कोरडे राहिले आणि आठच्या सुमाराला चंद्रशिलाच्या माथ्यावर उभे होतो. सगळी शिखरं हजर. ढगाचा एक कापूसही नाही. आयटीवाला ट्रॅक पँटमध्ये होता आणि फोटोत फार बरा दिसत होता.

मग तो जादा दिवस? तो उरला की! वाया गेला असं वाटलं होतं. सारीला एका घराच्या अंगणात आम्ही दिवसभर बसून राहिलो. घरातल्या काकींबरोबर मटार सोलले, बुरांशचं सरबत प्यालो. दुपारी तीनला डोंगरावर ढग जमले आणि गडगडलं. चौघांनीही नकळत सेकंद मोजले. बावीस. मग एकमेकांकडे बघून आम्ही मटारच्या टोपल्या उचलल्या आणि आत गेलो.

पुढच्या ट्रिपच्या रजेच्या अर्जातही मी सगळ्यांना एक दिवस जास्त लिहायला लावलाय. फक्त त्या जादा दिवसासमोर कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, यावर ग्रुपवर खल चाललाय. ‘हवामान’ लिहिलं तर एचआरला चालेल?